खुंटीला टांगलेलं पेटंट

सकाळी उठल्यापासून दुपारचे बारा वाजेपर्यंत मी बोलत नाही. हे माझं पहिलं व्रत. दुसरं खोटं न बोलण्याचं आणि तिसरं कुणाची निंदा न करण्याचं. तिसरं सगळ्यांत कठीण, आणि वरच्या मजल्यावरचे काका आमच्या डोक्यावर राहायला आल्यापासून तर ते रोज कसोटीला लागतं. अशी व्रतं पाळणाऱ्या बाईच्या घरात पेटंट शिरू नये. शिरायचंच असेल तर देवाने तिला आधी कळवावं, एवढंच माझं नम्र म्हणणं आहे.

आमच्याकडे ते शिरलं सासूबाईंच्या चष्म्यामुळे.

सासूबाईंची डावी बाजू गेली होती. खिडकीशी त्यांची खाट, खाटेशेजारी स्टूल, आणि स्टुलावर त्यांचा संसार: चष्मा, पाण्याचा कप, रुमाल, माळ आणि एक पितळी घंटा. उजव्या हाताने एक वस्तू उचलायला गेल्या की दुसरी खाली पडायची. चष्मा तर इतक्यांदा पडला की काच बदलणाऱ्या दुकानदाराने आमची चौकशी घरच्यासारखी करायला सुरुवात केली. आमच्या ह्यांना ते बघवेना. हे पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होते. जन्मभर दुसऱ्यांच्या नळांचे नकाशे काढले. नकाशावर मोठी सही इंजिनीअरसाहेबांची असे आणि अगदी कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, ह्यांची आद्याक्षरं. नकाशा बांधणीला गेला की कडा कापल्या जात, आणि पहिल्यांदा काय जायचं, तर तो कोपरा. ह्यांनी कधी तक्रार केली नाही. फक्त निवृत्त झाल्यावर घरातल्या वाणसामानाच्या यादीखालीसुद्धा पूर्ण सही करायला लागले.

तर ह्यांनी सासूबाईंसाठी एक चौकट बनवली. खाटेच्या कडेला दोन उभ्या पट्ट्या, त्यांना खालपासून नाही, पण मधल्या उंचीपासून वरपर्यंत ओळीने भोकं, एक आडवी पट्टी जी वरखाली सरकते, आणि भोकांत बसणाऱ्या लाकडी खुंट्या. एका हाताने खुंटी काढावी, हवी तिथे लावावी. पहिल्या दिवशी चष्मा टांगला, तो घसरून खाली आला. सासूबाई म्हणाल्या, "अरे, खुंटीने जरा मान वर करायला हवी. मान खाली घालून उभं राहणाऱ्याच्या भरवशावर कोण काय ठेवणार?"

ह्यांनी भोकं तिरकी पाडली. खुंट्यांनी माना वर केल्या. त्या दिवसापासून चष्मा पडला नाही. सासूबाई तर इतक्या स्वतंत्र झाल्या की आपल्याला काही नको आहे, हे कळवायला घंटा वाजवू लागल्या. मी हातातलं काम टाकून धावायचे आणि त्या म्हणायच्या, "काही नाही गं. सगळं हाताशी आहे, एवढंच सांगायचं होतं."

इथेच गोष्ट संपली असती. पण वरचे काका खाली आले.

काका ज्या कचेरीतून निवृत्त झाले तिथे त्यांचं काम अर्ज परत पाठवण्याचं होतं, त्यामुळे अर्ज कसा करावा हे त्यांना सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक असे, निदान त्यांचं तरी तसं मत होतं. हे मी निंदा म्हणून लिहीत नाही, वर्णन म्हणून लिहिते. त्यांनी चौकटीभोवती दोन फेऱ्या मारल्या, एक खुंटी काढून वास घेतला आणि म्हणाले की याचं पेटंट काढा, नाहीतर कुणीतरी चोरील आणि उद्या तुमच्याच आईला तुमचीच चौकट विकत आणून द्यावी लागेल. त्यांच्या मागून काकू उतरल्या होत्या. त्या फक्त सासूबाईंच्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, "किती छान सोय केलीय हो मुलाने."

चोरील, हा शब्द ह्यांच्या मनात घर करून बसला. दूधवाला आला तरी हे लगबगीने चौकटीवर चादर टाकायचे. चौकट खाटेला लागून, तेव्हा चादर सासूबाईंवरही पडायची. एकदा दूधवाल्याने कुतूहलाने आत डोकावलं, तेव्हा चादरीखालून सासूबाईंचा आवाज आला, "अरे बाळा, मला कशाला झाकतोस? माझं कुठे पेटंट काढायचंय?" दूधवाला त्यानंतर बरेच दिवस भांडं उंबऱ्यावर ठेवून परस्पर जात असे.

पेटंटचे वकील काकांनीच शोधले. भला माणूस, पण त्याची भाषा निराळी होती. आम्ही 'आई' म्हणालो की तो 'शायी स्थितीतील वापरकर्ता' असं लिहून घ्यायचा. कप, चष्मा, माळ ह्या सगळ्यांच्या मिळून झाल्या 'लटकवण्यायोग्य वस्तू'. आणि चौकट झाली 'खुंटी-जोडणीयुक्त समायोज्य आधार-चौकट'. ह्यांनी तो मसुदा सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून, प्रार्थना ऐकावी तशा भक्तीने तो ऐकला आणि शेवटी विचारलं, "छान आहे. पण हे शायी कोण? आपल्याकडे कधी आले होते का?"

ह्यांनी नकाशे मात्र स्वतः काढले. समोरून, बाजूने, खुंटीचा छेद, भोकाचा तिरकेपणा. इतके देखणे नकाशे त्यांनी खात्यातही काढले नव्हते. कोपऱ्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, आणि कडेपासून चांगलं आत, की कुणाची कात्री तिथवर पोचू नये. अर्ज गेला. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी विचारलं, "आला का रे कागद?"

तेव्हापासून त्या रोज विचारत. पेटंटचा अर्ज म्हणजे काय चीज असते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तो जातो तेव्हा माणसाचे केस काळे असतात, असं वकील नंतर हसत म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर एकही केस नव्हता.

त्या वाट पाहण्यात एक दिवस सासूबाई म्हणाल्या, "आज कप लांब गेलाय." कप जिथल्या तिथे होता. ह्यांनी खुंटी एक भोक खाली आणली. काही दिवसांनी चष्मा लांब गेला. मग माळ. मग पुन्हा कप. खुंट्या एकेक पायरी उतरत राहिल्या आणि एक दिवस भोकंच संपली. ह्यांनी पट्ट्या सोडवून मागच्या गॅलरीत नेल्या आणि हाताने फिरवायच्या गिरमिटाने खाली नवी भोकं पाडली, तशीच तिरकी. तो आवाज ऐकून सासूबाई मला म्हणाल्या, "लाकडाला कीड लागली वाटतं गं. त्याला सांग, आपल्या चौकटीला जप." सकाळची वेळ होती. मी नुसती मान हलवली.

आणि मग कागद आला. तोही सकाळीच.

लिफाफा जाडजूड होता, वर हा एवढा मोठा शिक्का. ह्यांनी तो सासूबाईंच्या खोलीतच उभ्याने फोडला आणि वाचता वाचता खुर्चीवर बसले. तो इंग्रजीतला परीक्षण अहवाल होता. पेटंट द्यायचं की नाही हे ठरवण्याआधी तपासणारे साहेब आपले आक्षेप कळवतात, तो. त्यात लिहिलं होतं की वाटाण्याच्या वेलाला आधार देणारी भोकांची चौकट फार पूर्वीच कुणीतरी शोधून ठेवली आहे. टोप्या टांगायच्या तिरक्या खुंट्याही जुन्याच. आणि ह्या दोन गोष्टी ठाऊक असलेल्या कोणाही सामान्य कारागिराला त्या एकत्र करणं सहज सुचलं असतं.

"आला का रे?" सासूबाईंनी विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं मौन होतं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला माझ्या व्रताचा फार आधार वाटला.

"आला, आई."

"काय म्हणतायत?"

"फार बारकाईने तपासलंय त्यांनी."

सासूबाईंचा चेहरा असा उजळला की मला खिडकीचा पडदा सरकला असं वाटलं. त्यांनी तो कागद छातीशी धरला, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि मग ह्यांना तो टांगायला सांगितला, त्यांच्याच चौकटीला, त्यांना दिसेल अशा खुंटीवर. ह्यांनी टांगला. अशा रीतीने ज्या कागदात त्या चौकटीची किंमत वाटाण्याच्या वेलाएवढी ठरवली होती, तो कागद त्याच चौकटीच्या खांद्यावर मानाने जाऊन बसला.

पुढचा काळ मी कुणा वैऱ्यासाठीही मागणार नाही. आक्षेपांना उत्तर द्यायचं, तर अहवाल वाचायला हवा. आणि सासूबाई तो खुंटीवरून काढू देईनात. म्हणून हे रोज आईच्या पायांशी बसून, कौतुकाने बघितल्यासारखं करत, आक्षेप मनातल्या मनात पाठ करायचे आणि स्वयंपाकघरात येऊन घडाघडा लिहून काढायचे. मध्येच एखादं कलम विसरायचं की परत आत. सासूबाई म्हणायच्या, "किती वेळा वाचशील रे! पुरे आता, माणसाने स्वतःवर इतकं खूश असू नये." हे बाहेर येऊन भिंतीकडे बघत पुटपुटायचे, "सहज. म्हणे सहज." जेवतानाही घास हातात धरून मला विचारायचे, की तूच सांग, तुला सहज सुचलं असतं का? मला सुचलं नसतं. मी तसं सांगितलं. दुपारची वेळ होती.

पेटंट मिळालं, असं सासूबाईंनी सांगितलं आणि काकांनी ती बातमी सगळ्या जिन्यात पोचवली. अभिनंदनाला माणसं येऊ लागली. समोरच्या शिवणकाम करणाऱ्या ताई म्हणाल्या, की चौकटीला एक खिसाही हवा होता, आता पेटंट झालं म्हणजे राहून गेलं. काका खुर्चीत रेलून म्हणाले की मी सांगितलं नसतं तर? लोक माझ्याकडे वळत, "ताई, तुम्हाला तर केवढा आनंद झाला असेल." खरं बोलावं तर सासूबाई ऐकणार, खोटं बोलावं तर व्रत मोडणार. तेव्हा मी मौन वाढवलं. आधी जेवणापर्यंत, मग चहापर्यंत, आणि शेवटी दिवेलागणीपर्यंत. माझी भक्ती फार वाढली असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. लोक मला वाट सोडून उभे राहू लागले. देवाला हे सगळं दिसत होतं, एवढाच काय तो माझा संकोच.

काकू मात्र अभिनंदन करत नसत. त्या येऊन सासूबाईंपाशी बसत, त्यांचा हात हातात घेत. एकदा मी त्यांच्यापुढे चहा ठेवला, तर त्यांच्या हातातला कप बशीवर बारीक वाजत राहिला. त्यांनी तो पटकन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "गार होऊ दे जरा." मीही ते तेवढ्यावरच सोडलं.

सासूबाई गेल्या तेव्हा खुंट्या सगळ्यांत खालच्या भोकांत होत्या, गादीच्या काठाला टेकून. कप, माळ, रुमाल, सगळं हाताशी होतं. फक्त अहवाल वर होता. तो त्यांनी खाली आणू दिला नव्हता. "त्याला हात लावायचा नसतो," म्हणाल्या होत्या, "तो बघायचा असतो."

नंतर माझं मौन पुन्हा बारापर्यंत आलं, तेव्हा मी ह्यांना म्हटलं, की आता हे सोडून दिलं तरी चालेल. हे म्हणाले, "मी तिला 'आला' म्हणून सांगितलंय गं. आता तो यायलाच हवा." खोटं न बोलण्याचं व्रत माझं; ते निस्तरायला निघाले होते हे.

सुनावणीचं बोलावणं आलं. पेटंट मिळालं की कुणीतरी हरकत घेतोच, असं म्हणून काकांनी सल्ला दिला की कागदांवर विसंबू नका, चौकटच नेऊन उभी करा, साहेबांची बोलती बंद होईल. कुठल्याच गाडीत ती मावेना. तेव्हा पुढे हे, मागे मी, असे आम्ही ती चौकट खांद्यावर घेऊन रस्त्याने निघालो. ह्यांनी ठेवणीतला कोट घातला होता. वाटेत एका गृहस्थाने विचारलं, की रंगकामाचं काय घेता. पाठमोऱ्या मानेवरून मला कळलं की ह्यांना ते लागलं.

कचेरीच्या दारात पहारेकऱ्याने अडवलं. शिडी आत नेता येत नाही, म्हणाला.

"ही शिडी नाही," हे म्हणाले.

"मग काय आहे?"

"तेच ठरवायला आत चाललोय."

पहारेकरी विचारात पडला, तेवढ्यात आम्ही आत गेलो. सुनावणी अकराची होती, म्हणजे माझा काही उपयोग नव्हता. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली.

परीक्षक साहेबांना बघून माझी प्रार्थना अडखळली. त्यांच्या गळ्याला हनुवटीपर्यंत जाड पट्टा होता. मान दुखावली होती. आधार-चौकटीची परीक्षा करायला देवाने स्वतःच आधारात अडकलेला माणूस पाठवावा, याचा अर्थ शुभ की अशुभ, ते मला ठरवता येईना. माणूस सौम्य होता. त्याने ह्यांना बसायला सांगितलं, पाणी विचारलं. वकील बोलू लागले. वाटाण्याचा वेल निर्जीव नसला तरी तो वस्तू स्वतः काढून घेत नाही, असं काहीसं त्यांचं म्हणणं होतं. साहेब मान न हलवता ऐकत होते. त्यांना ती हलवताच येत नव्हती.

मग ते चौकट बघायला उठले. खाली वाकून पाहता येईना, म्हणून त्यांनी सरळ जमिनीवर बसकण मारली. हातात ह्यांनी काढलेले नकाशे. ते एकदा नकाशाकडे, एकदा लाकडाकडे बघू लागले.

"ही खालची भोकं नकाशात नाहीत."

वकील म्हणाले की त्या पुढे केलेल्या किरकोळ सुधारणा आहेत.

"मी ह्यांना विचारतोय. ही कधी पाडली? आणि इतकी खाली कशासाठी? इथे कोण काय टांगणार?"

घड्याळाकडे माझं लक्ष गेलं. बाराला अवकाश होता. मग हे म्हणाले, "आईचा हात खाली येत गेला. मी खुंटी त्याच्या मागोमाग आणली."

साहेबांनी सगळ्यांत खालच्या भोकात बोट घातलं. तिथलं लाकूड वरच्या भोकांसारखं गुळगुळीत नव्हतं. फार वापरलंच गेलं नव्हतं ते. बोट त्यांनी तसंच राहू दिलं.

"हे अर्जात कुठेच नाही," ते हळू म्हणाले. "तुमच्या अर्जातला वापरकर्ता जसाच्या तसा राहतो. हे जर तुम्ही पहिल्या दिवशी लिहिलं असतं, की माणूस जसजसा—" ते थांबले. "त्या दिवशी जे कागदात नव्हतं, ते मला आता त्यात घेता येत नाही. माझे हात बांधलेले आहेत."

"पहिल्या दिवशी तिचा हात वरपर्यंत पोचत होता," हे म्हणाले.

साहेबांना उठायचं होतं, पण मान ताठ आणि जमीन खोल. वकील पुढे होईपर्यंत त्यांनी हात वर करून एक खुंटी धरली, मग तिच्या वरची, मग तिच्याही वरची, आणि एकेक खुंटी चढत ते उभे राहिले. चौकट जरासुद्धा हलली नाही. आधार म्हणून ती तिथेच, सरकारी जमिनीवर, सिद्ध झाली. पण अर्ज आधाराचा नव्हता, नावीन्याचा होता.

परत येताना पहारेकऱ्याने उठून दार धरलं. रस्त्यात हे एकदाच बोलले, "मी त्यात तिला घ्यायलाच हवं होतं गं. मला वाटलं, सरकारी कागदात आई कशाला." तोवर बारा वाजून गेले होते. मी मागून माझ्या बाजूचं ओझं थोडं उचलून धरलं.

नकाराचा कागद यथावकाश आला. तसाच लिफाफा, तोच शिक्का. ह्यांनी तो वाचला, घडी उलगडून सरळ केला आणि आईच्या खोलीत जाऊन जुन्या अहवालावर टांगला. लांबून पाहणाऱ्याला एकाऐवजी दोन पेटंटं मिळाली असं वाटावं.

त्यानंतर एका दुपारी काका आले. एरवी ते दार न वाजवता येतात आणि बसा म्हणायच्या आत बसतात. त्या दिवशी त्यांनी दार वाजवलं. अंगात इस्त्रीचा सदरा, पायांत बूट. एका मजल्याच्या जिन्यासाठी बूट. हे म्हणाले, "या की काका, बसा." ते बसले नाहीत.

"परवानगी मागायला आलोय," ते म्हणाले. "तुमचं पेटंट आहे. विचारल्याशिवाय करणं बरोबर नाही, मला नियम माहीत आहेत. हिच्यासाठी एक चौकट करून घ्यायचीय. तिच्या हाताचं… डॉक्टर म्हणतात, आता ते वाढतच जाणार."

वर काकूंचं काहीतरी फरशीवर पडल्याचा आवाज आला. काकांनी छताकडे पाहिलं आणि परत आमच्याकडे पाहिलं नाही.

हे आत गेले. मला वाटलं, कागद दाखवायला आणतील. ते नकाशांची गुंडाळी घेऊन आले. टेबलावर पसरली, पेन्सिलीला टोक काढलं आणि उभ्या पट्टीच्या चित्रात खालची भोकं काढायला बसले, एकेक, तिरकी, अगदी तळापर्यंत. मग कोपऱ्यातल्या स्वतःच्या नावाखाली लिहिलं, 'करण्यास परवानगी आहे,' आणि पूर्ण सही केली.

काकांनी नकाशा दोन्ही हातांनी घेतला. "पहिली खुंटी कुठे लावू?"

"वर लावा," हे म्हणाले. "त्यांचा हात पोचेल तितकी वर. खाली जागा आहे."

बारा केव्हाच वाजून गेले होते. मी बोलू शकत होते, आणि माझ्या दुसऱ्या व्रताप्रमाणे बहुधा बोलायलाही हवं होतं. मी पुढे झाले आणि काका जिना चढून वर पोचेपर्यंत दार धरून उभी राहिले. त्या दिवशी निंदा न करण्याचं तिसरं व्रत मला मुळीच कठीण गेलं नाही.